साचा नव्हे, शेजार

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी एक ढळढळीत चूक करून ठेवली आहे. छापखान्याची असती तर हात झटकून मोकळा झालो असतो. पण ही सर्वस्वी माझी. "किती सोपे करून सांगितलेत हो!" अशी पत्रे ज्या वाचकांनी पाठवली, त्यांचाही तिच्यात थोडा वाटा आहे. त्या पत्रांमुळेच आपले बरोबर आहे असे मला पुढे जवळजवळ वर्षभर वाटत राहिले.

झाले होते असे. आमची धाकटी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे संशोधन करते. ती नेमके काय करते, हे शेजारीपाजारी, नातेवाईक आणि सोयरिकी जुळवण्यात रस असलेली मंडळी मला नेहमी विचारतात. थोरल्याचे बरे आहे. तो बँकेत आहे म्हटले की संभाषण संपते. पण धाकटी "मायक्रोइमल्शनमधून चांदीचे नॅनोकण बनवते" असे म्हटले की समोरचा गृहस्थ चहाचा कप खाली ठेवतो. म्हणून मी एक युक्ती काढली. मी सांगू लागलो, "तेलात पाण्याचे अगदी बारीक थेंब असतात. प्रत्येक थेंब म्हणजे मोदकाचा एक साचा. आत सारण भरायचे, दाबायचे, की मोदक बाहेर. साचा जेवढा, मोदक तेवढा!" गृहस्थ कप पुन्हा उचलीत. हाच दाखला मी गेल्या दिवाळीत इथे छापून टाकला.

धाकटीने अंक वाचला, "छान आहे" म्हणाली आणि चिवडा घ्यायला आत गेली. आमच्या घरात "छान आहे" हे शब्द कोणत्या सुरात म्हटले यावर सारे अवलंबून असते. मी सुराकडे लक्ष दिले नाही. त्या एका दाखल्यापायी यंदाच्या गणपतीत मी मुलीला काय बोलून बसलो, ते सांगायचे आहे. पण त्याआधी मूळ प्रकार समजावून देतो. या वेळी नीट.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे फोडणीत पाण्याचा थेंब पडलेल्या कोणालाही सांगायला नको. मध्ये साबण आला, की मात्र त्यांचे जमते. साबणाच्या रेणूला एक डोके असते आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. त्यामुळे तो दोघांच्या सीमेवर उभा राहतो आणि भांडण मिटवतो. तेलकट कढई साबणाने निघते ती यामुळेच. आपले दूधही असेच एक मिश्रण. त्यात पाण्यामध्ये स्निग्धाचे बारीक गोलक तरंगत असतात, त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून दूध पांढरे दिसते. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. पण इमल्शन हा सक्तीचा संसार. घुसळाल तेव्हा जमतो, आणि नुसता ठेवून दिलात की साय वर येते.

१९४३ साली केंब्रिजच्या टी. पी. होर आणि जे. एच. शुल्मन या दोघांनी एक निराळाच चमत्कार नोंदवला. तेल, पाणी आणि साबण यांच्या दुधाळ मिश्रणात थोडे थोडे अल्कोहोल घालीत गेले, की एका टप्प्याला ते मिश्रण एकदम स्वच्छ होते. पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येईल इतके आरपार! तेल किंवा पाणी कुठे गेलेले नसते. थेंब इतके बारीक झालेले असतात की प्रकाशाला त्यांची दखलच घेता येत नाही. शुल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे १९५९ साली या प्रकाराला मायक्रोइमल्शन हे नाव दिले. याला घुसळावे लागत नाही. योग्य प्रमाणे जमली की ते आपले आपण बनते, आणि प्रमाण व तापमान बदलले नाही तर तसेच टिकते. म्हणजे हा राजीखुशीचा संसार.

थेंब किती बारीक? एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर. धाकटीच्या बाटलीतला पाण्याचा थेंब सुमारे पाच नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे सोळा हजार थेंब ओळीने बसतील. आणि थेंबाचा आकार ठरवणेही हातात असते: साबणाच्या प्रमाणात पाणी कमी घातले की थेंब लहान, जास्त घातले की मोठा.

तिचे तेल म्हणजे आयसोऑक्टेन. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ठरवताना ज्याला शंभर गुण धरतात, तो हाच पदार्थ. साबणाला त्या मंडळींत ए.ओ.टी. म्हणतात. मेणासारखा पांढरा गोळा असतो, आणि तो घेतला तर अल्कोहोलची मदतही लागत नाही. औषधाच्या दुकानात तोच पदार्थ डॉक्युसेट या नावाने कानातला मळ मऊ करण्याच्या थेंबांत आणि बद्धकोष्ठाच्या औषधांत असतो. हे कळल्यापासून आमच्या मातुःश्रींच्या मनात नातीच्या संशोधनाविषयी खराखुरा आदर निर्माण झाला. तोवर त्या नुसत्याच कौतुक करीत होत्या.

आता कृती. दोन बाटल्यांत तेच तेल, तोच साबण. पहिलीतल्या पाण्याच्या थेंबांत सिल्व्हर नायट्रेट विरघळवलेले. हा चांदीचा क्षार पाण्यात साखरेसारखा विरघळतो, तेलात मुळीच नाही. म्हणून तो निमूटपणे थेंबातच राहतो. दुसरीतल्या थेंबांत हायड्रॅझिन, म्हणजे क्षारातून चांदी मोकळी करणारा पदार्थ. हेच दोन पदार्थ नुसत्या पाण्यात एकत्र केले तर तळाशी काळपट गाळ बसतो. पण या दोन बाटल्या एकमेकींत ओतल्या, तर गाळ नाही, गढूळपणा नाही. द्रव स्वच्छच राहतो आणि हळूहळू केशराच्या पाण्यासारखा पिवळा होतो. त्याचे छायाचित्र पाहून आमची ही म्हणाली, "चांदी आणि पिवळी? सराफाने फसवलंन् तुला." फसवलेले नव्हते. चांदीचा कण काही थोड्या नॅनोमीटरांचा झाला, की तो प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषून घेतो, आणि आपल्या डोळ्यांना उरलेला पिवळा दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर पहिल्यांदा ज्यांनी ही वाट पाडली त्यांच्याकडेच मिळते. १९८२ साली माग्दाली नव्हे, मागाली बुतोने (नावाचा उच्चार धाकटीने दोनदा सुधारून घेतला) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि इरिडियम या धातूंचे तीन ते पाच नॅनोमीटरचे, जवळजवळ एकसारखे कण बनवून दाखवले. प्लॅटिनमसारखे धातू रासायनिक क्रियांना वेग देतात, पण ते काम फक्त पृष्ठभागावर चालते. आतली धातू नुसती बसून खाते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन चार नॅनोमीटरच्या घनांत चिरला, तर सगळा मिळून पृष्ठभाग दीड हजार चौरस मीटर होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पाचशे चौरस फुटांच्या बत्तीस सदनिका, आणि त्याही फाशाएवढ्या धातूच्या तुकड्यातून! महागड्या धातूच्या बाबतीत ही काटकसर केवढी मोठी, हे घरखर्च चालवणाऱ्या भगिनींना मी सांगायला नको.

आता गणपतीकडे येतो.

आमच्याकडे उकडीचे मोदक हातानेच वळतात, पण संख्या वाढली की मी ॲल्युमिनियमचा साचा घेऊन मदतीला बसतो. यंदाही बसलो होतो. धाकटी समोर पाकळ्या काढीत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. मी विचारले तेव्हा म्हणाली, "फेब्रुवारीत सगळं जमलं होतं, बाबा. बारीक, एकसारखे कण. जूनपासून जमेनासं झालंय. तेच साहित्य, तीच मापं. पण कण मोठे येतात, आणि तेही लहानमोठे मिसळलेले. तीन महिने झाले."

माझ्या हातात साचा होता. मी तो तिच्यासमोर धरून म्हणालो, "साचा तोच, सारण तेच, मग मोदक निराळा कसा येईल? म्हणजे हातच चुकतोय." एवढ्यावर थांबलो असतो तरी भागले असते. पण घरात मोठेपणाचा मान मिळाला की माणसाला थांबण्याची सवय राहत नाही. मी पुढे म्हणालो, "चौथं वर्ष आहे हे. प्रत्येकालाच हे जमतं असं नाही. आता पुरे कर आणि नोकरी बघ. तुझ्या बरोबरीच्या मुली कुठल्या कुठे गेल्या."

तिने हातातला अर्धा वळलेला मोदक ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर जाऊन आरतीची तयारी करू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईला गेली. आमची ही मला काही बोलली नाही. तिने तो अर्धा मोदक मात्र तसाच माझ्या पानात वाढला.

त्यानंतर तीन आठवडे धाकटीचे फोन येत ते आईला. मी "दे जरा" म्हणेपर्यंत पलीकडे काहीतरी काम निघत असे.

मग एका संध्याकाळी फोन माझ्यासाठीच आला. पहिलेच वाक्य असे: "बाबा, हात चुकत नव्हता."

नवरात्रात ती दोन दिवस घरी आली. मी जन्मभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली आहे. मला पटवायचे तर आकड्यांनीच, हे तिला ठाऊक. तिने वाणसामानाच्या यादीची पाठ माझ्यापुढे केली, पेन्सिल हातात दिली आणि म्हणाली, "मांडा. पाच नॅनोमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब. त्यात पाण्याचे रेणू किती?"

तिने सांगितलेल्या आकड्यांवरून मी गुणाकार केला. सुमारे २,२०० आले.

"आता त्या पाण्यात नेहमीच्या मापाने, लिटरला दहावा हिस्सा मोल, सिल्व्हर नायट्रेट विरघळवलं आहे. तर एका थेंबात चांदी किती येईल?"

मी पुन्हा मांडले. उत्तर चार आले. मी म्हटले, "चार हजार?"

"चार हजार नाही. चार. एक, दोन, तीन, चार."

"बरं, चार."

"आणि पाच नॅनोमीटरचा चांदीचा कण तयार झाला, तर त्यात अणू किती असतील?"

या हिशेबाला वेळ लागला. सुमारे ३,८०० आले.

धाकटी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. वाचकहो, पस्तीस वर्षे जमाखर्च जुळवलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगायला हवे? एका मोदकात सारण लागते तीन हजार आठशे, आणि साच्यात मावते चार! साडेनऊशे थेंबांनी आपापली चांदी एकाच ठिकाणी आणून ओतली, तर कुठे एक कण पुरा होतो. म्हणजे थेंब हा साचा नव्हेच. ज्या हिशेबावर मी मुलीला नोकरी बघ म्हणालो, तो हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

"मग हे घडतं तरी कसं?" मी विचारले. तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. तिथे आमची ही आणि शेजारच्या वहिनी दिवाळीत कोणी काय करायचे याची वाटणी करीत होत्या.

आणि खरोखरच ते तसेच आहे. हे थेंब सारखे भटकत असतात आणि एकमेकांवर आदळत असतात. एकेक थेंब सेकंदाला लाखो वेळा! बहुतेक वेळा साबणाची भिंत आड येते; नमस्कार-चमत्कार होतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. पण हजार भेटींत एखाद्या भेटीत भिंत उघडते, दोन थेंब क्षणभर एक होतात, आतला माल मिसळतो आणि पुन्हा दोन थेंब वेगळे होतात. फराळाचे ताट इकडून तिकडे जाते, तसेच. फरक एवढाच, की हे प्रत्येक दारी सेकंदाला हजारो वेळा चालते. या देवघेवीत एखाद्या थेंबात चांदीचे पुरेसे अणू एकदम जमतात आणि कणाचे बीज धरते. मग पुढे येणारी प्रत्येक चांदी त्याच घरी जाते. बाकीच्या शेकडो थेंबांच्या पदरात शेवटी नुसते पाणी उरते. हजार थेंबांमागे एखाद्याच थेंबात कण सापडतो, तो यामुळे. कण वाढला की साबणाचे रेणू त्यालाच वेढून घेतात, त्यामुळे तो दुसऱ्या कणाला चिकटत नाही आणि गाळ बसत नाही.

तेव्हा कणाचा आकार नुसत्या खोलीच्या मापावर ठरत नाही. बीजे किती धरली, शेजार किती मोकळा, दारे किती वेळा उघडली, साबणाची भिंत ताठ की लवचिक, यांवर तो ठरतो. थेंबातले पाणी वाढले, की थेंब मोठा होतो, भिंत सैल पडते आणि देवघेव वाढते. पॅरिसच्या मारी-पॉल पिलेनी यांनी १९८० नंतरच्या काळात ए.ओ.टी.च्या याच थेंबांत तांबे, कॅडमियम सल्फाइड वगैरेंचे कण बनवून पाण्याच्या प्रमाणाचा हा खेळ बारकाईने अभ्यासला. थेंबाचा व्यास मोजण्याचा ढोबळ नियमही सोपा आहे. साबणाच्या एका रेणूमागे पाण्याचे रेणू किती हे मोजायचे आणि त्या आकड्याला ०.३ ने गुणायचे. उत्तर नॅनोमीटरमध्ये येते.

आणि या नियमातच धाकटीचा चोर सापडला.

सर्वांत बारीक कणांसाठी ती साबणाच्या एका रेणूमागे पाण्याचे पाचच रेणू घेत होती. शंभर मिलिलिटर तेलात साबण सुमारे साडेचार ग्रॅम आणि पाणी ०.९ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. आता हा ए.ओ.टी. दमट हवेतले पाणी पितो. मुंबईचा जून-जुलै, बाटली दिवसातून चारदा उघडायची. समजा, साबणाने आपल्या वजनाच्या शंभराला पाच एवढेच पाणी ओढले. साडेचार ग्रॅमांत ते सव्वादोन दशांश ग्रॅम झाले. ठरवलेल्या पाण्यात गुपचूप पाव हिस्सा भर! शिवाय तेवढा साबण वजनात कमी. कागदावर पाच रेणू, बाटलीत प्रत्यक्षात साडेसहा. मापे तीच, हात तोच, पण शेजार बदललेला.

हे तिला एकदम सुचले नव्हते. तीन महिने ती चांदीचा क्षार बदलीत होती, हायड्रॅझिन बदलीत होती, भांडी पुन्हा पुन्हा धूत होती. आणि गणपतीहून परत गेल्यावर "आपल्यालाच जमत नाही" हे शब्दही बरोबर घेऊन गेली होती. ते कोणाचे शब्द, हे तुम्हाला ठाऊक आहे. साबण संपला म्हणून तिने सप्टेंबरात नवी सीलबंद बाटली फोडली, आणि त्या दिवशी फेब्रुवारीचे कण परत आले! दुसरी मुलगी असती तर आनंदाने पुढे गेली असती. हिने जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेला साबण काढून त्यातले पाणी मोजले. त्यासाठी कार्ल फिशर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १९३५ साली दिलेली पद्धत आहे. मग तोच ओला साबण निर्वात भांड्यात ठेवून वाळवला आणि त्यातून पुन्हा कण बनवले. ते बारीक आणि एकसारखे आले. तेव्हा तिची खात्री पटली, आणि तेव्हाच तिने मला फोन केला.

हे सारे ऐकून आमची ही म्हणाली, "पावसाळ्यात पापडाचा डबा उघडा राहिला तर काय होतं, ते मी तुला चौथीत असताना शिकवलं होतं."

धाकटी म्हणाली, "अगं आई, बाटलीवर पापड लिहिलेलं नव्हतं ना!"

त्या रात्री मी तिला आणखी एक प्रश्न विचारला. हिशेबनीस तो विचारणारच. एवढ्या तेलासाबणातून चांदी निघते किती? नेहमीच्या कृतीत, म्हणजे पाच नॅनोमीटरच्या थेंबांच्या, शंभर मिलिलिटर तेल आणि साडेचार ग्रॅम साबण खर्ची घातला, तर पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. चांदीच्या सुमारे तीनशेपट साबण! शिवाय तो कणांवरून धुऊन काढायचा, आणि तेल परत मिळवायचे. कारखानदार या रीतीपासून चार हात दूर राहतात, ते उगीच नाही. धाकटीने हे लपवले नाही. "जिथे थोडाच माल लागतो, पण तो एकसारखा लागतो, तिथेच ही रीत परवडते," ती म्हणाली.

असे एक ठिकाण औषधांचे. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाची अडचण अशी, की त्याचा कण करून शरीरात सोडला तर तो लगेच विरघळून जातो. त्यावर उपाय शोधताना दिल्ली विद्यापीठात ए. एन. मैत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलातल्या याच थेंबांचा उपयोग केला. औषध आणि पाण्यात विरघळणारे छोटे रेणू थेंबात एकत्र ठेवायचे, आणि तिथल्या तिथे त्या रेणूंची साखळी गुंफून जाळे विणायचे. औषध जाळ्यात अडकते आणि हळूहळू बाहेर पडते. त्यांच्या या कृतीला १९९९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. म्हणजे आपल्याकडेही या थेंबांची ओळख जुनी आहे.

जाताना धाकटीने मला एक छायाचित्र दाखवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले. करड्या कागदावर काळे ठिपके, सगळे जवळजवळ एकाच मापाचे. आमच्या हिला ती सांडलेली मोहरी वाटली. मी चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिलो. एकेका ठिपक्यात शेकडो थेंबांची चांदी होती, हे आता मला दिसत होते.

मी म्हणालो, "गणपतीत मी बोललो, ते बोलायला नको होतं."

ती म्हणाली, "बोललात ते बोललात. पण यंदा लेखात मोदक नको."

मी कबूल केले. पण मोदकाशिवाय ही हकीकत सांगता येईना, तेवढ्यापुरती तिने सूट दिली आहे. तिचा प्रबंध पुढच्या वर्षी पुरा व्हायचा आहे. नोकरीचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. पाडव्याला ती मला ओवाळायला येईल तेव्हा तबकात घालायला चांदीचे एक नाणे आणून ठेवले आहे. ते दहा ग्रॅमचे आहे, पांढरे आहे, आणि सराफाने फसवलेले नाही.

आता तुमच्याकडे एक विनंती. गेल्या वर्षीचा दिवाळी अंक तुमच्या माळ्यावर किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात अजून असेल, तर तो काढा. माझ्या पानावर "साचा जेवढा, मोदक तेवढा" असे एक वाक्य सापडेल. त्यावर पेन्सिलीने काट मारा आणि समासात लिहा: हिशेब मांडून पाहिला, जुळत नाही. तुमच्याही घरात कोणा पोराबाळाचे काही तीन महिने अडून बसले असेल, आणि तुम्ही हातात साचा घेऊन उभे असाल, तर ती समासातली ओळ आधी वाचा.